हिशेब आणि खातर

"पैसे दिले, विषय संपला." हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद केली तर आपले आपल्यालाच नवल वाटेल. रिक्षावाला, दूधवाला, शिकवणीचे मास्तर, खानावळवाला, सर्वांच्या बाबतीत ते चालते. वरकरणी त्यात काही गैरही नाही. ज्याने त्याने आपल्या कामाचा मोबदला घ्यावा, कोणी कोणाच्या उपकाराखाली राहू नये, ही व्यवहाराची स्वच्छ रीत आहे. पण अन्नाच्या बाबतीत हे वाक्य पुरते लागू पडते का? विकत घेऊन खाल्लेल्या घासाचे, पैसे चुकते केल्यावर, काहीच देणे उरत नाही का? तुर्कस्तानातल्या एका लहानशा खानावळीत दुपारचे जेवताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त काही काळ इस्तंबूलला होता. त्याच्या आग्रहावरून शाळेच्या सुटीत तिकडे जाणे झाले. एके दुपारी त्याने मला फातिह भागातल्या एका गल्लीत नेले. पाचसहा टेबले, भिंतीलगत लांबट शेगडी, तीवर तांब्याचे धुराडे. "दादा, मोठ्या हॉटेलात प्रवासी जेवतात. इथं गल्लीतली माणसं जेवतात," तो म्हणाला. अशा जागेला तिकडे 'ओजाकबाशी' म्हणतात. ओजाक म्हणजे चूल. ओजाकबाशी म्हणजे चुलीपाशी. जेवणारा विस्तवाशेजारीच बसतो आणि आपला घास तयार होताना पाहतो.

शेगडीमागच्या माणसाला सारे 'उस्ता' म्हणत होते. आपल्या 'उस्ताद'चाच हा भाऊबंद. मेंढीचे मांस, तिच्या शेपटीकडची चरबी, तिखट आणि मीठ यांचा खिमा तो ओल्या हाताने चपट्या रुंद सळईवर थापत होता. दक्षिणेकडच्या अदाना शहराच्या नावाने हा कबाब ओळखला जातो. मधूनच तो पातळ रोटी, म्हणजे लावाश, मांसावर दाबून धरी आणि सुटलेली चरबी तिच्यात मुरवून घेई. आम्ही काही मागवण्याआधीच टेबलावर रोट्या आल्या, सुमाक नावाची आंबट लाल पूड भुरभुरलेला कांदा आला, टोमॅटो-मिरचीचा ठेचा आला. प्यायला आयरान आले. आयरान म्हणजे मीठ घातलेले घट्ट ताकच. पहिल्या घोटाबरोबर परकेपण निम्मे ओसरले.

जेवण झाल्यावर भावाने 'हेसाप' मागितला. कान टवकारले, कारण हा तर आपला हिशेब! कागद पाहिला तर त्यावर कबाब आणि आयरान एवढेच. रोट्या, कांदा, ठेचा यांची आकारणी नव्हती. मालकाने पैसे घेतले आणि तो 'बेरेकेत' असे काहीसे पुटपुटला. भावाने सांगितले, पैसे घेताना इथला दुकानदार देवाने बरकत द्यावी असे म्हणतो. आम्ही उठू लागलो, तोच एका पोऱ्याने मधे निमुळत्या काचेच्या पेल्यांतून दोन चहा आणून ठेवले. आम्ही तो मागवला नव्हता. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "इक्राम." इक्राम म्हणजे मान देणे, आदराने पुढे करणे.

"फुकट कुठलं, दादा! चहाची किंमत कबाबातच धरलेली असते," भाऊ हसून म्हणाला. माणूस हिशेबाच्या खात्यातला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात हेच सांगून ठेवले आहे की, खाटीक आणि पाववाला आपल्याला जेवण पुरवतात ते परोपकार म्हणून नव्हे, स्वतःच्या हितासाठी. ती शेगडी रोज पेटते ती पोटासाठी पेटते, यात शंका नाही. मग तो चहा म्हणजे केवळ गिऱ्हाईक टिकवण्याची युक्ती म्हणायची का?

याच शहरातल्या मोठ्या बाजारात गालिचेवालेही प्रवाशाला चहा देतात. पेला तोच, चहा तोच. पण तो सौद्याच्या आधी येतो. चहा घेतला की उठून जायला जड वाटते, आणि विकणाऱ्याला तेच हवे असते. खानावळीतला चहा हिशेब मिटल्यानंतर आला. आम्हांला आणखी काही विकायचे त्याच्याकडे उरले नव्हते, आणि आम्ही पुन्हा तिकडे फिरकण्याचा संभव कमीच होता. देणगी आणि आमिष यांतला फरक वस्तूच्या किमतीत नसतो. घेणाऱ्याला मोकळे ठेवून दिले की बांधून घेण्यासाठी दिले, यावरून तो ओळखावा. चहाची किंमत कबाबात धरली असेलही. पण छातीवर ठेवलेल्या हाताची किंमत कोणत्या रकान्यात धरायची?

तुर्की भाषेत एक म्हण आहे. एका पेलाभर कॉफीची 'हातिर' चाळीस वर्षे राहते. ही हातिर म्हणजे आपली 'खातर'. माझ्या खातर एवढे कर, असे आपण म्हणतो तीच. हिशेब आणि खातर, दोन्ही शब्द अरबीतून निघाले आणि तुर्कांकडेही गेले, आपल्याकडेही आले. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. खातर चाळीस वर्षे चालते. जेवणाला ही दोन खाती असतात, आणि पहिल्या खात्यात पैसे भरल्याने दुसरे बंद होत नाही. म्हणूनच की काय, तिकडे पैसे मोजून जेवलेला माणूसही उठताना उस्ताला 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो' अशा अर्थाचे शब्द बोलतो. निव्वळ व्यवहारच असता तर हातांची चौकशी कशाला?

आपल्याकडेही ही जाण जुनी आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋण हे चौथे सांगितले आहे, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी आपण फोड करतो. तुर्कीत पाहुण्याला 'मिसाफिर' म्हणतात. तोच आपला मुसाफिर. आपल्याकडे तो वाटेवरच राहिला, त्यांच्याकडे तो घरात आला. न कळवता दाराशी आलेल्याला तर ते 'देवाचा पाहुणा' म्हणतात.

इथवर सारे गोड आहे. पण खातर ही गोष्ट चहाच्या पेल्याबरोबर पारखता येत नाही. तिची पारख दिवस वाईट आले म्हणजे होते.

चहा आणणारा तो पोऱ्या सीरियाचा, अलेप्पोकडचा होता. २०११ साली सीरियात यादवी पेटली तेव्हा लक्षावधी लोक सीमा ओलांडून तुर्कस्तानात आले. एके काळी त्यांची नोंदलेली संख्या ३६ लाखांवर होती. प्रारंभी सरकारही त्यांना 'मिसाफिर'च म्हणे. या लोकांनी भट्ट्या घातल्या, दुकाने थाटली, दुसऱ्यांच्या शेगड्यांपाशी राबले. पाहुण्याचा मुक्काम लांबला, महागाई वाढली, मने आंबली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंकारा शहराच्या अल्तिंदाग भागात आणि २०२४ च्या जूनअखेरीस कायसेरी शहरात जमावांनी सीरियन लोकांची दुकाने फोडली. दोन्ही वेळा निमित्त मोजक्या माणसांवरच्या आरोपाचे होते. शिक्षा साऱ्या वस्तीला झाली. त्या जमावातल्या कोणीच कधी त्या दुकानांतून रोटी नेली नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. पण त्यांनी रोटीचे पैसे दिले होते. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

याचा अर्थ त्या देशाला नावे ठेवावीत असा नाही. इतक्या लोकांना आसरा देणारे देश जगात थोडे. आणि आपण सीमाभागातली माणसे नावे ठेवायला कुठे मोकळी आहोत? 'खानावळ' हा शब्द कानडीतही आहे, मराठीतही आहे. एकमेकांच्या खानावळीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खात आलो, उडप्याच्या हॉटेलात मुलाच्या निकालाचे पेढे वाटत आलो. पण वाद पेटला की पाटीवरचे अक्षर आधी दिसते आणि पाटीखालचा माणूस दिसेनासा होतो. मग या बाजूचा असो वा त्या बाजूचा, डांबराचा डबा घेतलेल्या हाताला त्याच दुकानातल्या चहाची आठवण होत नाही. भाषेचा आग्रह धरू नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. तो आग्रह धरण्यातच माझे आयुष्य गेले. हक्क मागावा, सभेत मागावा, न्यायालयात मागावा. मात्र ज्याच्या हातचे खाल्ले त्याच्या दारावर दगड पडताना निदान आपण आडवे उभे राहावे. मनुष्यऋणाची एवढी फेड तरी पैशाने होत नाही.

आमचे विद्यार्थी यावर विचारतील, "सर, मग प्रत्येक हॉटेलवाल्याचे आपण जन्माचे देणेकरी का?" माझे उत्तर असे की, देणेकरी हा शब्द हिशेबाच्या खात्यातला आहे, खातरीच्या खात्यात त्याचे ओझे वाटत नाही. दिवाळीत शेजारच्या कानडी घरातून फराळाचे ताट येते. ते आपण धुऊन रिकामे परत पाठवत नाही. चार करंज्या, मूठभर चिवडा, काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतो. ताट फिरत राहते. कोणाचे किती झाले हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि ते कधी मिटावे असेही कोणाला वाटत नाही.