अपरिग्रह आणि साप धरायचा चिमटा

अपरिग्रही माणसाने वस्तूंच्या घडणीत मन घालावे का? स्वीडनच्या एलेन के यांनी १८९९ मध्ये सौंदर्य सर्वांच्या घरी पोचले पाहिजे असे मांडले, आणि तिथल्या फर्निचर घडवणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते मनावर घेतले. आपल्याकडे मात्र वैराग्य म्हणजे वस्तूंकडे पाठ फिरवणे, असाच समज रूढ आहे. सेवाग्राम त्याला दुजोरा देत नाही. १९३६ मध्ये गांधीजी तिथे आले. पुढे ‘बापूकुटी’ म्हणून ओळखली गेलेली झोपडी मीराबेननी मुळात स्वतःसाठी बांधली होती. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनी हाताने चरखा आणि झाडे उठावात काढली. त्याहून बोलका आहे तो आश्रमातला साप धरायचा चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. चिमटा सैल असता तर साप निसटला असता आणि पुढच्या खेपेला कुणीतरी काठीच उचलली असती. व्रत टिकले ते कारागिरीच्या जोरावर. बौद्ध भिक्खूच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचे गाळणे असते, तेही पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून. संग्रह जितका कमी, तितकी एकेका वस्तूवरची जबाबदारी मोठी.

यावर सरोजिनी नायडूंच्या नावावर एक टोमणा सांगतात: बापूंना गरीब ठेवायला फार खर्च येतो. टोमणा झकास आहे, पण तो खर्चाबद्दल आहे, घडणीबद्दल नाही. खरा आक्षेप बाबासाहेब आंबेडकरांचा. यंत्राने माणसाला फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती येते. ती नाकारणाऱ्या गांधीवादावर त्यांनी १९४५ च्या ग्रंथात कडक टीका केली. नागपूरजवळ, चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट आणि टाईपरायटर जपलेले आहेत. ज्या समाजाला चांगले कपडे घालायचीही बंदी होती, त्यातल्या माणसाच्या कोटाला आसक्ती म्हणणे हा उद्धटपणा होईल. म्हणून माझे विधान आवरते घ्यायला हवे: ज्याला मिळू शकत होते त्यानेच सोडले, तरच तो अपरिग्रह; इतरांच्या बाबतीत ती नुसती वंचना. पण वस्तूला लावायची कसोटी दोन्हीकडे एकच राहते. टाईपरायटर असो की चिमटा, तो माणसाला कशासाठी मोकळा करतो हे विचारायचे. किती वस्तू आहेत, हा त्यानंतरचा प्रश्न.