दान की न्याय?



अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात 1986 साली काही प्रार्थनामंदिरांनी बेघर कुटुंबांसाठी एक व्यवस्था सुरू केली. प्रत्येक मंदिराने आळीपाळीने आठवडाभर मोजक्या कुटुंबांना आपल्या आवारात निवारा द्यायचा. पुढे ती अनेक राज्यांत पसरली. तीत चर्चबरोबर यहुद्यांची सिनेगॉगही आहेत. तेथील माणसे जेवण रांधून आणतात, कुटुंबांसोबत एकाच टेबलावर जेवतात, मुलांशी खेळतात, रात्री सोबतीला थांबतात. या कुटुंबांना तेथे ‘पाहुणे’ म्हणतात.

हिब्रू भाषेत दानाला ‘त्सदाका’ असा शब्द आहे. तो ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय या शब्दापासून आला. लेवीयच्या पुस्तकात (19:9-10) देव सांगतो की शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका. तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवा. म्हणजे शेतमालक स्वतःचे काही देत नाही. जे गरिबाचेच आहे, ते फक्त अडवत नाही.

बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची, नाखुशीने देणे. बरीच वरची, देणारा व घेणारा एकमेकांना ठाऊक नसणे. सर्वांत वरची, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे. शिवाय, जो दानावर जगतो त्यानेही थोडे दान करावे, असा नियम आहे. देण्याचा मान त्याच्याकडूनही काढून घ्यायचा नाही.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मी मिस्सानंतर गरजू मुलांना वह्या वाटल्या. नावे पुकारली, फोटो काढले. एका मुलीने वह्यांच्या गठ्ठ्याआड तोंड लपवले. तिच्या वर्गातली मुले समोरच्याच बाकावर बसली होती. वह्या तिला मिळाल्या, पण त्यांची किंमत मी तिच्याकडून वसूल केली होती.

कोणी विचारील, दान हा न्याय मानला तर प्रेमाला जागा कुठे उरली? मला वाटते, न्याय ठरवतो काय द्यायचे. प्रेम ठरवते कसे द्यायचे. मायमोनिडीस देणाऱ्याला लपवतात, सिनेगॉगमधली माणसे घेणाऱ्याला पाहुणा करून शेजारी बसवतात. वाटा वेगळ्या, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये हा हेतू एकच. न्यायाविना प्रेम उपकाराची भाषा बोलू लागते, आणि प्रेमाविना न्याय नुसती वाटपाची यादी होतो. प्रभू येशू याच परंपरेत वाढला. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, असे त्याने आपल्याला शिकवले.

म्हणून यंदा वह्यांसाठी नावे पुकारली जाणार नाहीत, फोटोही निघणार नाहीत. वह्या घरोघरी पोहोचतील. आणि ज्या घरी त्या पोहोचतील, त्या घरांनाही मी विनंती करणार आहे: येत्या सणाला वेदी सजवायला मला तुमचे हात हवे आहेत.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू