पोरीला अजून ठाऊक नाही

प्रतापगडच्या महादेवा, लेक आत्ताच झोपली आहे, म्हणून हळू बोलते. उद्या दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आहे. परवा पहाटे कल्याण, मग कर्जतवरून खोपोलीची लोकल आणि तिथून इमॅजिका नावाचं पाळण्यांचं पार्क. साडेनऊशे किलोमीटरहून लांबचा पल्ला आहे. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, तिला मात्र मामाकडे जायचं आहे एवढंच ठाऊक आहे. मामा कल्याणलाच राहतो, उतरणारही त्याच्याच घरी आहोत. त्यापुढचं आम्ही पोटात ठेवलं आहे.

आधी दिलेल्याबद्दल तुझे उपकार मानते. यंदा कापणीच्या दिवसांत पाऊस आडवा आला नाही. बांध्यांमधलं धान भिजलं नाही, चुरणा वेळेत झाला, पैसे खात्यात आले. देणी फिटून चार पैसे उरले आणि ते दवाखान्यात गेले नाहीत. आमच्यासारख्या घरात पोरीच्या हौसेसाठी पैसा उरणं ही तुझीच कृपा, हे मी जाणून आहे.

मी नवस बोलायला बसलेली नाही. महाशिवरात्रीला तुझ्या यात्रेत येणारच आहोत, दरवर्षी येतो. डोंगर चढू, ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावरही माथा टेकू. त्याच्या बदल्यात काही मागत नाही. लेकरू घेऊन लांब निघालेली आई जे मागते, तेवढंच मागते.

इमॅजिकात पाळण्यांपाशी उंचीच्या खुणा असतात म्हणतात. खुणेहून ठेंगण्या मुलांना बसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण कमरेवरची दांडी लहान अंगाला घट्ट बसत नाही. मी परवा फ्रॉकचं माप घ्यायचं म्हणून तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली आणि टेप लावली. तिनं टाचा उचलल्या. मी त्या हातानं खाली दाबल्या, तर मान ताणली. "आई, मी मोठी झाली का?" म्हणाली. फ्रॉकसाठी कोणी डोक्यापर्यंत माप घेत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. देवा, एखाद्या खुणेपाशी तिला मागं फिरवलं, तर तिला कमीपणा वाटू देऊ नकोस. त्या वेळी काय बोलायचं ते माझ्या तोंडी दे.

गावच्या गेल्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, ती आकाशपाळण्यात बसली होती. वर जाताना तिनं माझा पदर मुठीत धरला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. रडली नाही, हसलीही नाही. नंतर हातानं फिरवायच्या छोट्या पाळण्याकडे गेली. तिथल्या लाकडी घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली, दंडारीचा खेळ सुरू झाला तरी हलेना. तेव्हापासून मला वाटतं, हिचा आनंद उंचावर किंवा वेगात नाही, हाताला लागणाऱ्या गोष्टीत आहे. इमॅजिकात लहान मुलांसाठी उडणारे हत्ती आहेत. तिला तेवढे पुरतील असा माझा अंदाज आहे.

पण तिच्या बाबांचं मन तिथल्या राजासॉरसच्या नावेतल्या सफरीवर आहे. हा डायनासोर आपल्याच देशातला, गुजरातेत त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला हे नाव मिळालं, हे सगळं त्यांनी वाचून ठेवलं आहे. लेकीला नावेत बसवून तो दाखवायचा, हे त्यांनी कधीचं ठरवलं आहे. महादेवा, त्यांच्यासाठीही तुझ्याकडे मागते. ते लहान असताना टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची. मुंबईला गोराईत 1989 मध्ये निघालेलं ते पार्क बघायची त्यांना फार आस होती. घरी विचारायची सोय नव्हती. रोवणीच्या पैशात घर चालायचं, मुंबई कुठून परवडणार? पुढं हातात पैसा खेळू लागला तोवर 2022 आलं आणि ते पार्क बंद झालं. त्यांनी ते कधी पाहिलंच नाही. यावर ते बोलत नाहीत, पण इमॅजिकाची तिकिटं काढताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

माझं खरं मागणं इथं आहे. त्यांच्या राहिलेल्या बालपणाचं ओझं माझ्या लेकीच्या पाठीवर पडू देऊ नकोस. तिनं आम्हाला हवं तिथं हसावं, दचकून टाळ्या पिटाव्यात, मोबाईलकडे बघून आनंद दाखवावा, ही अपेक्षा आमच्या मनातून काढून टाक. फाटकाशी पोचल्यावर ती गोंधळली आणि "मामा कुठं आहे?" म्हणून रडू लागली, तर तिला जवळ घ्यायचं सुचू दे. खर्चाचा हिशेब तेव्हा कोणाच्या तोंडून निघू नये. तिला पार्कपेक्षा आगगाडीची खिडकीच जास्त आवडली, तर आम्हीही तिच्याबरोबर खिडकीतून बाहेर बघावं. आणि ती झोपल्यावर तिच्या बाबांनी एकट्यानं राजासॉरसच्या नावेत बसून यावं. मी तिला मांडीवर घेऊन सावलीत थांबेन. त्यांचाही हक्क आहे.

आता रस्त्याचं. कोहमाऱ्याहून गोंदियाला जाताना मुरदोलीचं जंगल लागतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथं मोटारीची धडक बसून एक वाघ गेला. नवेगाव आणि नागझिरा मिळून 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तरी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची जनावरांची वाट आमचा रस्ता ओलांडूनच जाते. शहरातली लेकरं कुठून कुठून येतात ती हे जंगल बघायला. उद्या आमची गाडी मुरदोलीतून हळू जाऊ दे. आगगाडी गाठायची घाई असली तरी ड्रायव्हरचा पाय आवरता राहू दे. आमचं लेकरू आणि रानातलं लेकरू, दोघंही सुखरूप राहोत.

इमॅजिकात पाळणे चालवणाऱ्या, सकाळी पहिल्या फेरीआधी पट्टे ओढून बघणाऱ्या पोरांना जागं ठेव. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची दांडी नीट बसली का ते बघताना त्यांना कंटाळा येऊ देऊ नकोस. घरी राहणाऱ्या आबाजींची आणि गुरांची काळजी घे.

एक शेवटचं. आमच्या गल्लीत अशी लेकरं आहेत ज्यांच्या आईबापांचं धान यंदा पिकलं नाही, आणि अशीही ज्यांना स्वतःची बांधीच नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या मंडईच्या पाळण्यापलीकडे त्यांना काही नाही. आपल्या लेकराला खेळवायला गोंदियाच्या माणसाला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागू नये. आमच्या तालुक्यात, सडक अर्जुनीत, धड झोके आणि घसरगुंड्या असलेली एक बाग होऊ दे, जिथं रोवणीहून आलेली बाई पैसे न देता पोराला घेऊन बसेल. महादेवा, परत आल्यावर ग्रामसभेत उभं राहून ही बाग मागायचं बळ मला दे, आणि माझ्या मागं चार बाया उभ्या कर.