पडू द्या, मग बघू?

उभा राहा आधी. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसलास म्हणून मी तुला अहो-जाहो करणार नाही.

सत्तरी ओलांडलेली म्हातारी तुझ्याकडे आली, माळवद गळतंय म्हणाली. तू काय सांगितलंस? "भिंत पडू द्या, मग पंचनाम्याचं बघू." तेही चारचौघांत, हसत. लाज कशी वाटली नाही रे?

नियम मला शिकवू नकोस. घरकुलाचे 1 लाख 20 हजार नव्या बांधकामाला, डागडुजीला नाहीत. इंदिरा आवासमध्ये कच्चं घर सुधारायला निधीचा पाचवा हिस्सा तरी ठेवता यायचा. 2016 ला नवी योजना आली आणि तेही गेलं. वयोश्रीचे 3 हजार चष्म्याला, काठीला. म्हणजे काठी टेकत म्हातारीनं त्याच गळक्या घरात जायचं! अतिवृष्टीत कच्च्या घराची निदान 15 टक्के पडझड झाली तर 4 हजार. टक्केवारी मीच घोटून घेतली होती तुझ्याकडून. सांग, 14 टक्के भिंत खचली तर हातात काय? शून्य. आणि सगळं घर बसलं तर? 1 लाख 20 हजार. त्या वेळी म्हातारी कुठं असेल, हे गणितात धरलंस का?

माळवदावर चढून पाहिलंस? मी पाहिलं. तुळईला वाळवी, किलचणं कुजलेली, वर प्लास्टिकचा कागद आणि तो उडू नये म्हणून विटा. आत चुलीपाशी घमेलं, अंथरूण दाराशी ओढलेलं. एक तुळई बदलून माती टाकली तर पावसाळा निघेल.

आणि तू मागं काय दात काढतोस? सख्खी चुलती ना तुझी? तिचा लेक पुण्याहून 7/12 वर नाव लावायला बरा आला होता! त्याला सांग, 2007 च्या कायद्यानं आईबापाच्या निर्वाहात निवाराही धरलाय. अर्ज अंबडला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. लिहून मी देईन, अक्षर अजून शाबूत आहे माझं.

ग्रामसभेत ठराव घ्या, डागडुजीलाही अनुदान द्या म्हणून, आणि जिल्हा परिषदेला पाठवा. वरचे ऐकतील तेव्हा ऐकतील. रविवारी माझ्या गोठ्यातली सागाची तुळई घेऊन जा. सुताराची मजुरी तुझ्या खिशातून.

आणि हो, फोटो काढायचा नाही.