अभिमानाची उलटतपासणी

'राष्ट्रकूट आमचे' असं आम्ही लातूरकर छाती फुगवून म्हणतो. त्याला आधारही आहे. नवव्या शतकातल्या शिलालेखांत हे राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवतात आणि लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. ८५१च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा आणि रूमचा (म्हणजे बायझंटाईन) बादशहा यांच्या पंक्तीला 'बल्हरा' बसतो. तो हाच राष्ट्रकूट. हे वाचलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

पण मनाला एक प्रश्न विचारून पाहावा. मला या राजांबद्दल खरंच कुतूहल आहे, की फक्त त्यांच्या वाड्यात माझी एक खोली हवी आहे?

कारण पुढचं ऐकताना माझा उत्साह थोडा ओसरतो. त्यांची राजधानी लातूर नव्हे, मान्यखेट. म्हणजे आज कर्नाटकात असलेलं मळखेड. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या आश्रयाने रचलेला 'कविराजमार्ग' हा उपलब्ध कन्नड ग्रंथांतला सर्वांत जुना. त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला असल्याचं सांगितलं आहे. म्हणजे नांदेडच्या घाटावर आपण ज्या नदीत बुडी मारतो, तीच त्या मुलखाची उत्तर सीमा. 'आमचे' राजे 'त्यांच्या' भाषेचे पोशिंदे निघाले, की इथे आमचा आवाज खाली येतो. तो का खाली यावा, याचं सरळ उत्तर माझ्याकडून मला मिळत नाही. पुरावा बदललेला नसतो, फक्त तो माझ्या सोयीचा उरलेला नसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला तर ही परीक्षा आणखी अवघड होते. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या शिलालेखामुळे या गावाचं राष्ट्रकूटकालीन वैभव कळतं. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष तिथे आहेत. ते पाहताना मूळ मूर्ती केवढी असेल, या विचाराने मान आपोआप वर जाते. पण त्याच गावच्या किल्ल्यावर पुढे बहमनी, निजामशाही, मुघल, निजाम असे थर चढले आणि सूफी संत हाजी सय्याह यांचा दर्गाही गावातच आहे. मला आवडेल तेवढाच थर माझा आणि उरलेला परक्यांचा, असं म्हणायची मुभा दगड देत नाहीत.

तरीही 'हरवलेली संस्कृती' ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे जवळचे हे दगड नव्हे, पिरॅमिड नाहीतर समुद्रात बुडालेली नगरं येतात. रहस्य जितकं दूरचं, तितकं ते बिनखर्चाचं. त्याच्यासाठी आपल्याला काहीच करावं लागत नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांतल्या लेखांसाठी मात्र कुणाला तरी कन्नड लिपी शिकावी लागते. १९६८ साली नांदेड जिल्ह्यातले शिलालेख पुस्तकरूपाने आले, ते श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांच्या जोडीच्या कामातून. एक कन्नड अभ्यासक, एक मराठी. सीमेच्या दोन्ही बाजूंना भांडणाची धग असलेल्या त्या काळात हे दोघे एकाच दगडावर वाकून अक्षरं लावत होते. आपल्या अभिमानापेक्षा मला त्यांचं हे वाकणं मोठं वाटतं.

आता आपापल्या गावाकडे पाहा. मारुतीच्या पारापाशी एखादी वीरगळ शेंदराखाली गुदमरलेली असते. खालच्या पट्टीत मेलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोरीव खांबांवर ऑइलपेंट चढतो. अक्षरांचा दगड पायरीला लागतो नाहीतर धुणं धुवायला जातो. आणि आपण मोबाईलवर अटलांटिसचा शोध घेत बसतो.

म्हणून 'राष्ट्रकूट आमचे' म्हणायचंच असेल, तर त्याची किंमतही मोजू या. गावातल्या कोरीव दगडावर रंग चढू देऊ नका, तो जागेवरून हलवू नका, त्याचा स्वच्छ फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना किंवा पुरातत्त्व खात्याला दाखवा. लेख कन्नडमध्ये निघाला, फारसीत निघाला, तरी मान खाली घालू नका. तोही आपल्याच मातीचा जबाब आहे.