पाहा म्हणणारा आणि पाहणारा

आश्वलायनाच्या श्रौतसूत्रात सुरुवातीलाच एक गमतीदार नियम येतो. सूत्रात मंत्राचा पूर्ण पाद दिला असेल तर ती एक ऋचा समजायची. सूक्ताच्या आरंभाचा, पादाहून तोकडा तुकडा असेल तर सबंध सूक्त. पादाहून जास्त असेल तर तीन ऋचा. म्हणजे दोन-चार शब्द लिहायचे आणि पुढे किती म्हणायचे तेही त्यांच्या लांबीतूनच सांगायचे. मंडल नाही, क्रमांक नाही. ज्याच्यासाठी सूत्र रचले त्याला संहिता मुखोद्गतच होती. मंत्र दुसऱ्या शाखेतला असला, की मात्र सूत्रकार तो सहसा सगळा देतात, कारण तो शिष्याला पाठ असेल याचा भरवसा नाही. इतकी काटकसरीची संदर्भपद्धत मला नंतरच्या कुठल्याही छापील ग्रंथात दिसलेली नाही. फक्त तिच्यात शंकेखोर वाचकाची सोय नाही. तुला हे येतेच, आता आठव, एवढेच ती सांगते.

कौटिल्यापाशी आल्यावर सूर बदलतो. अमात्य कोणाला नेमावे? भारद्वाज म्हणतो, सहाध्यायांना. विशालाक्ष म्हणतो, छे, बरोबर खेळलेली माणसे राजाला जुमानत नाहीत. मग पराशर, पिशुन, कौणपदंत अशी रांगच लागते आणि जो तो आधीच्याला खोडून काढतो. शेवटी कौटिल्य सगळ्यांचेच ग्राह्य ठरवून मोकळा होतो. इथे दुसऱ्याचे नाव येते ते त्याच्याशी वाद घालण्यासाठी, आणि विचाराच्या दृष्टीने हे पाऊल मोठे आहे. पण त्या आचार्यांचे अर्थशास्त्रावरचे ग्रंथ आज आपल्या हाती नाहीत. विशालाक्षाचे म्हणणे खरोखर एवढेच होते, की खोडायला सोपे जावे म्हणून ते आखडून मांडले, हे विशालाक्षाला विचारायची सोय उरलेली नाही.

छापील पुस्तकांच्या काळातही ही अडचण सुटली नाही. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या तळटिपांत मराठी हस्तलिखितांचा आधार जागोजाग दिलेला आहे. पुष्कळ ठिकाणी तो नुसता ‘मराठी हस्तलिखिते’ असा मोघम असतो. काही कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचेही तो सांगतो. पुढच्या अभ्यासकांनी त्या शोधल्या, पण मिळाल्या नाहीत. तळटीप शाबूत, आधार गायब! तरीही ती पाहिली की वाचकाला उगाच धीर येतो. छापील तळटिपेचा हा रुबाब मला कौटिल्याच्या खंडनापेक्षा जास्त फसवा वाटतो.

वि. का. राजवाड्यांनी यावर काढलेला तोडगा जवळजवळ अडदांड होता. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रेच छापली. अमुक पत्र पाहा असे म्हणून थांबायचे नाही, पत्रच पुढ्यात टाकायचे. प्रस्तावनेत त्यांनी ग्रँट डफला आणि बखरींना धारेवर धरले. पण तेच कागद पुढे ठेवल्यामुळे राजवाड्यांशी भांडायची सोयही वाचकाला झाली, आणि लोक भांडलेही. एवढी बावीस खंडांची खटपट करणाऱ्या माणसाने आपल्याच मतांविरुद्धचा पुरावा वाटत सुटावे, ही मला त्या माणसाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तरी एक जागा उरतेच. मूळ पत्रे मोडीत, छापली ती बाळबोधीत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो आणि तिथे अर्थ फिरू शकतो. 1910 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे कागद गोळा करून जपले, म्हणून निदान मूळ कागदापर्यंत जाता तरी येते. पण तो समोर धरूनही मोडी न येणारा पुन्हा दुसऱ्याच्याच वाचनावर विसंबतो. जमिनीच्या वादात आजोबांच्या वेळचा मोडी दस्त निघाला, की हीच माणसे एकाच्या वाचनावर थांबत नाहीत. दुसरा जाणकार शोधून त्याच्याकडून तो पुन्हा वाचून घेतात.