जामिनाचे नाव

संग्राहकांच्या जगातही कुळाचा अभिमान मोठा असतो. जुने घडीचे चाकू जमविणाऱ्यांत, शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रूस ज्याच्या पात्यावर उमटलेला आहे असा चाकू बाळगणारा खानदानी समजला जातो. एखाद्या जुन्या अमेरिकन कारखान्याचा, त्याच्याच नावाने विकला गेलेला चाकू ज्याच्या पेटीत असेल तो त्याच्या खालोखाल मानाचा. आणि सीअर्स रोबक किंवा माँटगोमेरी वॉर्ड यांसारख्या अमेरिकन डिपार्टमेंट स्टोअरांनी आपापल्या छापाखाली विकलेले चाकू जमविणाऱ्याकडे मात्र बाकीची मंडळी काहीशा अनुकंपेने पाहतात. कारण उघड आहे. ज्याचे नाव पात्यावर आहे त्याने तो चाकू घडविलेला नाही, आणि ज्याने घडविला त्याचे नाव पात्यावर नाही. असे असूनही मला लोभ आहे तो या उपेक्षित चाकूंचाच, आणि तो केवळ ते स्वस्तात मिळतात म्हणून नव्हे. वस्तूवर घातलेले नाव म्हणजे नेमके काय, ते कोणाचे असावे आणि कशासाठी असावे, हा प्रश्न हे चाकू जितक्या रोखठोकपणे समोर ठेवतात तितका खानदानी चाकू कधीच ठेवीत नाहीत.

या प्रश्नाचे मूळ शिकागो शहरात आहे. 1872 साली आरन माँटगोमेरी वॉर्ड याने वस्तूंची आणि किमतींची एकपानी यादी छापून ती खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालाने धाडली, आणि गावचा दुकानदार मधून वगळून थेट गिऱ्हाइकाशी व्यवहार आरंभिला. पुढे घड्याळांच्या विक्रीपासून सुरुवात केलेल्या रिचर्ड सीअर्सने हाच मार्ग इतका रुंद केला की, 1896 पासून ग्रामीण भागात घरपोच टपाल आणि 1913 पासून सरकारी पार्सल-टपाल सुरू झाल्यावर, त्याची जाडजूड सूचिपत्रे शेतकऱ्याच्या घरातील नित्याची वस्तू होऊन बसली. पण या सोयीत एक अडचण दडलेली होती. गावच्या दुकानदाराला शेतकरी तोंडाने ओळखत असे. त्याने दिलेले पाते पहिल्याच आठवड्यात बोथट झाले तर ते त्याच्या गल्ल्यावर आपटून चार शब्द सुनावण्याची मुभा होती. शेकडो मैलांवरच्या, जन्मात कधी न पाहिलेल्या पेढीला ते कसे सुनावणार? वॉर्डने 1875 साली, माल पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी जाहीर केली ती या अविश्वासाचे निवारण करण्यासाठीच; आणि एकदा हमी दिली की ती कोणत्या नावावर दिली हे वस्तूवर उमटविणे क्रमप्राप्तच होते.

ही नावे कशी निपजली याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. सीअर्सच्या लोखंडी सामानाच्या विभागाचा प्रमुख आर्थर बॅरोज याला 'क्राफ्ट्समन' हे दुसऱ्या एका हत्यार-कंपनीचे नाव आवडले. त्याने ते वापरण्याचा हक्क 500 डॉलरांना विकत घेतला, आणि 1927 साली ते सीअर्सच्या नावे रीतसर नोंदले गेले. बॅरोजच्या मागून त्या गादीवर आलेल्या टॉम डनलॅपने या हत्यारांचा दर्जा वाढविला; आणि त्याचेच आडनाव सीअर्सने पुढे आपल्या स्वस्त हत्यारांना दिले. उत्तम मालाची घडी बसविणाऱ्या गृहस्थाला मध्यम मालावर अजरामर करण्याचा हा प्रकार पाहून कीर्ती नावाच्या देवतेच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. शिकारीच्या आणि खेळाच्या सामानावरचा 'जे. सी. हिगिन्स' हा तर सीअर्सच्या हिशेब-खात्यात आयुष्य घालविलेला एक सज्जन कर्मचारी. त्याच्या नावात मधले अक्षर नव्हतेच, ते भांडाराने आपल्या पदरचे घातले. सारांश, एक नाव खरेदी केलेले, दुसरे उसने घेतलेले, तिसरे दुरुस्त केलेले. आणि तिन्हींपैकी एकाही नावाच्या मालकाने लोखंड तापवून घणाखाली धरलेले नाही.

मग हे चाकू घडविले कोणी? बहुतांशी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस, अल्स्टर आणि श्रेड या कारखान्यांनी. कॅमिलसच्या इतिहासात नावांच्या या खेळाचे सारे पदर एकवटलेले दिसतात. अ‍ॅडॉल्फ कास्टर हा मूळचा जर्मन गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये चाकू आयात करून विकत असे. 1897 च्या कायद्याने परदेशी मालावरची जकात चढली तेव्हा, माल आणण्यापेक्षा तो येथेच करणे बरे, असा हिशेब करून त्याने 1902 साली कॅमिलस या लहानशा गावातला कारखाना विकत घेतला, आणि तेथून स्वतःच्या नावाबरोबरच ज्याने मागितले त्याच्या नावाचेही चाकू तो पुरवू लागला. कारखान्याला बारमाही मागणी हवी होती आणि भांडाराला बिनबोभाट पुरवठा. या करारात कारखानदाराने सोडून दिले ते केवळ नाव.

माझ्यासमोर या क्षणी 'क्राफ्ट्समन' छापाचा एक तीन पात्यांचा चाकू आहे, गुरे पाळणाऱ्यांसाठी योजिलेल्या 'स्टॉकमन' नावाच्या घाटाचा. मिटलेला असता लांबी 4 इंचांच्या आतबाहेर. एक लांब, टोकाशी निमुळते पाते रोजच्या कामाचे. दुसरे सरळ धारेचे, ज्याचे बोथट टोक खाली वळलेले असल्यामुळे जनावर हलले तरी नको तेथे टोचण्याचे भय कमी. तिसरे आखूड व गोलसर, वासरे खच्ची करण्यासाठी. मूठ हाडासारखी दिसणारी पण प्लास्टिकची, आतले अस्तर पितळी. पाते नखाने उचलावे तो पाठीची कमान ताणली जाते, आणि शेवटी ते असा टणक आवाज करीत जागेवर बसते की त्या आवाजावरूनच जाणत्याने कमानीची पारख करावी. छाप शिकागोच्या भांडाराचा; परंतु पात्यावरची नखाची खाच कोठे आणि किती लांब आहे, मुठीवरचे खिळे किती व कोणत्या अंतरावर आहेत, कमानीचे टोक कसे घासले आहे, हा तपशील श्रेडच्या स्वतःच्या 'ओल्ड टाइमर' चाकूशी ताडून पाहिला की दोघांचे सहोदरत्व लपत नाही. नाव पुसता आले, पण हाताचे वळण पुसता आले नाही. जुन्या मोडी दस्तऐवजाखाली कारकुनाची सही नसली तरी अक्षराच्या वळणावरून दफ्तर जाणणारा त्याला ओळखतो, तद्वतच हे आहे; आणि या संग्रहाचे खरे सुख मालकीपेक्षा या ओळख पटविण्यात अधिक आहे.

येथे कोणी म्हणेल की, हा तर भांडाराने कारागिरावर केलेला उघड अन्याय झाला. श्रम एकाचे, नाव दुसऱ्याचे. मीही एके काळी असेच मानीत असे, परंतु शेफील्डचा वृत्तांत वाचल्यावर या मतातला आवेश ओसरला. तेथील चाकूकारांच्या मंडळाला 1624 साली पार्लमेंटने सनद दिली, तेव्हापासून प्रत्येक उस्तादाची खूण मंडळाच्या दफ्तरी नोंदविली जाऊ लागली, आणि खूण म्हणजे कर्त्याची स्वाक्षरी ही कल्पना तेथे रुजली. पण प्रत्यक्षात पाते घडविणारा एक, सहाणेवर ओणवून त्याला धार लावता लावता दगडाची धूळ छातीत साठवून अकाली मरणारा दुसरा, आणि मूठ बसविणारा तिसरा, अशी कामाची वाटणी तेथे रूढ होती. रॉजर्सचा तारा आणि क्रूस या तिघांपैकी कोणाचाच नव्हता. म्हणजे कारखान्याचे नाव हेही एक आवरणच. भांडाराने त्यावर आणखी एक आवरण घातले, इतकेच.

तेव्हा वस्तूवरच्या नावाची दोन कामे आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक काम श्रेय देण्याचे, दुसरे जबाबदारी पत्करण्याचे. चित्रावरची स्वाक्षरी पहिल्या प्रकारची; कर्जरोख्यावर जामिनाची सही असते ती दुसऱ्या प्रकारची. जामिनाने रक्कम उचललेली नसते, तरी ऋणको बुडाला तर सावकाराचा तगादा त्याच्याच दारात येतो, आणि म्हणूनच त्याच्या सहीला किंमत असते. भांडाराचे नाव हे जामिनाचे नाव होय. मोडलेले 'क्राफ्ट्समन' हत्यार दुकानात नेऊन दिले की बदली हत्यार हातात पडे, हा लौकिक सीअर्सने दीर्घकाळ सांभाळला, आणि त्या लौकिकापुढे, ते मुळात कोणत्या गावी घडले, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनातही येत नसे. आपल्याकडेही हे नाटक अपरिचित नव्हते: विलायतेच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे भांडार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत उघडले, काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते, आणि तिच्या आद्याक्षरांचा छाप असलेला माल गोऱ्या अंमलदारांच्या पेट्यांतून हिंदुस्थानभर फिरला. तो माल कोणी केला याची चौकशी त्या अंमलदारांना करावीशी वाटली नाही. सोसायटीचा छाप त्यांना पुरेसा होता.

अर्थात जामीन कायमचा नसतो. एलनव्हिलचा श्रेडचा कारखाना 2004 साली बंद पडला, कॅमिलसचा 2007 साली. सीअर्सने 2018 साली दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्पूर्वी, 2017 साली, 500 डॉलरांना घेतलेले ते 'क्राफ्ट्समन' नाव सुमारे 90 कोटी डॉलरांच्या व्यवहारात दुसऱ्या कंपनीकडे गेले. घडविणारा संपला, जामीन कोसळला, आणि उरले ते नाव, जमिनीच्या तुकड्यासारखे खरेदीखताने हस्तांतर करता येणारे. वर्षानुवर्षे हमी पाळून मिळविलेला विश्वास असा गठ्ठ्याने विकता येतो, ही गोष्ट मला चाकू घडविणाऱ्याचे नाव लपविण्यापेक्षा कितीतरी अधिक विचार करावयास लावणारी वाटते.

म्हणून माझ्या नोंदवहीत मी प्रत्येक चाकूपुढे तीन रकाने ठेविले आहेत: जामीन कोण, कारखाना कोणता, आणि हात कोणाचे. पहिला छाप वाचून भरतो, दुसरा खिळे आणि खाचा ताडून. तिसरा कधीच भरत नाही, पण तो काढून टाकणे मला प्रशस्त वाटत नाही. आणि खानदानी चाकूंचे भोक्ते या भांडारी मालाला तुच्छ लेखतात तेव्हा त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, त्या भांडारांनी कारागिराचे नाव झाकले हे खरे, पण झाकताना स्वतःचे नाव पुढे केले आणि त्या नावावर आलेली तक्रार ऐकून घेतली. आज बाजारात घरबसल्या मागविलेल्या कित्येक वस्तूंवर जी नावे असतात ती घडविणाऱ्याची नसतात आणि जामिनाचीही नसतात. वस्तू बिघडली की ती कोणाच्या दारात न्यावी याचे उत्तर त्या नावात सापडत नाही. श्रेयाचा प्रश्न जुन्या भांडारांनी अनुत्तरित ठेवला. आपण तर जबाबदारीचाही ठेवला आहे.